चिमणी ठेवली, साचे कुठं गेले?

लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल आहे, आणि त्या मॉलच्या आवारात गिरणीची जुनी चिमणी अजून उभी आहे. ती पाडली नाही म्हणून मालकांचं कौतुक करणारे बरेच भेटतात. पाडली नाही हे चांगलंच झालं. पण चिमणी हा गिरणीचा असा भाग आहे, जिथं कुणी कामच करत नव्हतं. खाली बॉयलर, वर धूर. माणसं राबली ती साचेखात्यात (साचा म्हणजे विणकामाचा यंत्रमाग), सूत कातायच्या त्रासनात, कापूस पिंजायच्या ब्लोरूममध्ये, सूत गुंडाळायच्या वाइंडिंगला. त्यातलं काय शिल्लक आहे, असं गिरणगावात फिरताना विचारलं तर दाखवण्यासारखं फारसं काही सापडत नाही.

आपल्याकडं जतन म्हणजे ज्याची कुणाला अडचण होत नाही ते ठेवणं, असा पायंडा पडला आहे. चिमणी ठेवायची, दगडी कमान ठेवायची, भिंतीचा एखादा तुकडा ठेवायचा, आणि नाव ठेवायचं. कमला मिल, मथुरादास मिल, रघुवंशी मिल ही नावं टॅक्सीवाल्याला आजही सांगता येतात. ती सांगून लोक जेवायला जातात, ऑफिसला जातात. नावाला जागा लागत नाही. साच्याला लागते, म्हणून साचे भंगारात गेले.

हे आता उगाळायचं कारण काळाचौकीचं संग्रहालय. इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर मुंबई महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचं आहे. त्याची चर्चा इतकी वर्षं चालू आहे, की ती ऐकत ऐकत कामगारांची एक पिढी म्हातारी झाली. आराखड्यात तळं आलं, संगीताच्या तालावर उडणारं कारंजं आलं, गिरण्यांचा इतिहास सांगणारी भित्तिचित्रं आली. कारंज्याला माझा विरोध नाही. त्या वस्तीत मोकळी जागा इतकी कमी आहे, की पोरं पाण्याकडं बघत चार घटका बसली तर कुणाच्या पोटात दुखू नये. प्रश्न क्रमाचा आहे. आधी कारंजं, मग भित्तिचित्र, आणि यंत्रं व माणसं सवडीनं, हा क्रम एकदा लागला की संग्रहालयाची बाग होते. माझं म्हणणं उलट टोकाचं आहे: काळाचौकीला बाकी काही झालं नाही तरी चालेल, पण तिथं निदान दहा-बारा साचे रोज चालले पाहिजेत, आणि ते ज्यांनी आयुष्यभर चालवले त्यांनी पगार घेऊन चालवून दाखवले पाहिजेत. एवढं होणार नसेल तर त्या जागेला संग्रहालय म्हणण्यात अर्थ नाही.

चालत्या यंत्राचा हा हट्ट कशासाठी, हे इंग्लंडमधल्या एका उदाहरणावरून सांगतो. लँकेशायरमध्ये बर्नलीजवळ हार्ल साइक नावाचं गाव आहे, तिथं क्वीन स्ट्रीट मिल ही १८९४ साली बांधलेली विणकामाची गिरणी आहे. ती बंद पडली १९८२ साली, म्हणजे आपल्याकडं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला त्याच वर्षी. आपल्याकडं त्यानंतर जे झालं ते आपल्याला ठाऊक आहे. तिथं गिरणी जशीच्या तशी ठेवून चार वर्षांत तिचं संग्रहालय केलं. वाफेचं इंजिन जागेवर, त्याचं नाव ‘पीस’, म्हणजे शांतता. पहिल्या महायुद्धानंतर ते नाव दिलेलं. छताखालून फिरणारे शाफ्ट, त्यांवरून प्रत्येक मागापर्यंत उतरणारे चामडी पट्टे, आणि तीनशेच्या वर माग, रांगेनं, पूर्वी होते तसेच.

सगळे माग चालवत नाहीत, काही थोडेच चालवतात. तेवढ्यानंही काम होतं. लाकडी दांडा धोट्याला, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या लाकडी तुकड्याला, फटका मारतो, धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो, तिथून फटका खाऊन परत येतो. हे मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा. एका मागाचा आवाज टाळ्यांसारखा म्हणता येईल. दहा माग चालले की तो आवाज राहत नाही, पायाखालची फरशी आणि छातीचा पिंजरा दोन्ही त्यात थरथरतात. शेजारी उभा असलेला माणूस काय म्हणतोय हे कळत नाही. लँकेशायरचे विणकर म्हणूनच ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखायला शिकले होते, तोंड मोठं मोठं हलवून, हातवारे करत ते बोलायचे, आणि गिरणीबाहेर आल्यावरही ती सवय जात नसे. अमेरिकेत लोवेल गावी बूट कॉटन मिल्सच्या संग्रहालयात ऐंशीहून जास्त मागांचं एक दालन आहे. तिथं आत शिरण्याआधी कानात घालायला बोळे देतात. पाटीवर ‘कामगारांना बहिरेपण येत असे’ असं लिहिलेलं वाचून पुढं सरकणं सोपं आहे. त्या दालनात पाच मिनिटं काढल्यावर पुढं सरकायला वेळ लागतो, आणि मग मनात हिशेब सुरू होतो: हे आठ तास. पूर्वी बारा, तेरा. आठवड्याचे सहा दिवस. आपल्याकडं तर रविवारची सुट्टीही गिरणी कामगाराला भांडून मिळवावी लागली, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनं.

ही यंत्रं आपल्याला परकीही नाहीत. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी काढायचं ठरवलं, तेव्हापासून पुढं कित्येक दशकं इथल्या गिरण्यांची यंत्रं लँकेशायरमधूनच येत होती. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव मुंबईच्या खात्याखात्यांत दिसायचं. लालबागचा एखादा जुना साचेवाला उद्या बर्नलीच्या गिरणीत नेऊन उभा केला तर त्याला भाषा कळणार नाही, पण साचा कळेल. तो कुठं अडला आहे हे तो तिथल्या मार्गदर्शकाच्या आधी सांगेल. असं माणूस आणि यंत्र दोन्ही आपल्या गावात असताना आपण भिंतीवर चित्रं काढतोय.

इमारतीचंही तसंच आहे. गिरणीची करवतीच्या दात्यांसारखी छपरं सगळ्यांनी लांबून पाहिलेली असतात. त्या दात्यांची उभी काचेची बाजू उत्तरेकडं ठेवायचे, कारण उत्तरेकडून उन्हाची तिरीप येत नाही, दिवसभर सारखा, सावल्या न पडणारा उजेड मिळतो आणि तुटलेला धागा पटकन दिसतो. त्याच छपराखाली हवा दमट ठेवावी लागे, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. म्हणजे छप्पर आणि हवा दोन्ही सुताच्या सोयीनं बेतलेली होती. माणसानं त्या सोयीत आपलं बसवून घ्यायचं. मुंबईच्या मे महिन्यात, बंद खिडक्यांच्या त्या ओलसर खात्यात, कापसाचे तंतू हवेत तरंगत असताना आठ तास म्हणजे काय, हे शाळेच्या पोरांना समजावून सांगायला कितीही चांगला शिक्षक असला तरी कमीच पडेल. छपराखाली नेऊन उभं केलं की समजतं. छप्पर पाडून त्या जागी काचेचं देखणं दालन बांधलं तर ही संधी गेली.

आता धोट्याकडं वळतो, कारण माझ्या मते काळाचौकीच्या संग्रहालयाची खरी परीक्षा या एका वस्तूवर होणार आहे.

धोटा हातभर लांबीचा, गुळगुळीत लाकडाचा, दोन्ही टोकांना धातूची बोंडं, मध्ये खाच. खाचेत सुताची कांडी बसते. कुठल्याही संग्रहालयात तो काचेच्या पेटीत ठेवला की छान दिसतो, हातात घ्यावासा वाटतो. कांडी संपली की साचेवाला दुसरी बसवायचा, आणि सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं असे. ते काढायचा सगळ्यात झटपट उपाय म्हणजे भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचं. सूत बाहेर येई, त्याच्याबरोबर तंतू, खळ आणि आधीच्या माणसाची थुंकी. लँकेशायरमध्ये हीच पद्धत होती आणि तिच्यातून क्षय पसरतो अशी तक्रार तिथं वर्षानुवर्षं होत राहिली.

मुंबईत त्याच भोकावर जात येऊन बसली. धोट्याला तोंड लागतं, तो धोटा एका साचेवाल्याकडून दुसऱ्याकडं जातो, म्हणून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना साचेखात्यात घ्यायचं नाही, असा तिथल्या सवर्ण कामगारांचा आग्रह होता. साचेखात्यात मजुरी बरी मिळे. तिथून त्यांना वगळलं म्हणजे ते त्रासनात किंवा त्याहून कमी मजुरीच्या कामावर राहणार हे ठरून गेलं. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला, गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला. साचेखात्याची दारं सगळ्यांना उघडा, ही मागणी संपाच्या मागण्यांमध्ये घालायला पुढारी आधी राजी नव्हते. घातली ती बरीच ओढाताण झाल्यावर.

संग्रहालयात धोटा ठेवताना ही हकीकत त्याच्याशेजारी असेल का? की तो ‘विणकामाचं पारंपरिक साधन’ एवढ्या चिठ्ठीवर भागेल? मला दुसरी शक्यता जास्त वाटते. गिरणगावाबद्दल आपण बोलतो ते बहुतेक एका सुरात: कामगारांची एकजूट, चाळीतला शेजार, शाहिरी, गणपती, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं रक्त. हे सगळं खरं आहे. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा याच कामगारांनी वर्षाला एक असे सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, आणि १९३० साली परदेशी कापडाच्या लॉरीसमोर आडवा झालेला बाबू गेनू गिरणी कामगारच होता. पण ज्या खात्यात ही एकजूट रोज घडत होती त्याच खात्याच्या दारावर जातीचा पहारा होता, आणि हे दोन्ही एकाच धोट्याकडं बघत सांगता येतं. असा ऐवज जगातल्या फार थोड्या संग्रहालयांकडं असेल.

बाहेरच्या देशांनी आपापल्या गिरण्यांबद्दल लगेच खरं सांगितलं असंही नाही. मँचेस्टरजवळ स्टायल इथं क्वारी बँक मिल आहे, सॅम्युअल ग्रेगनं १७८४ साली सुरू केलेली. आज ती नॅशनल ट्रस्टकडं आहे. पाणचक्की फिरते, माग चालतात, आणि गरीबखान्यांतून (वर्कहाउसांतून) आणलेली पोरं जिथं राहायची ते घरही पाहता येतं. नऊ-दहा वर्षांची पोरं. ग्रेग त्या काळच्या मानानं बरा मालक होता, पोरांना डॉक्टर होता, थोडं शिक्षण होतं, ही बाजू नेहमीच सांगितली गेली. त्याच ग्रेग कुटुंबाचा कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा होता, ही बाजू ठळकपणे यायला बराच काळ जावा लागला. लोवेलच्या मागांवर विणला जाणारा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतले गुलाम पिकवत होते, हे तिथलं संग्रहालय आता सांगतं. आपल्या बाबतीतही धागा तिथवर जातो: १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस अडला, लँकेशायरला हिंदुस्थानी कापूस हवा झाला, मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली फुगा फुटून कित्येक जण बुडालेही. पण कापसाच्या व्यापारात कमावलेल्या ज्या मंडळींनी पुढं गिरण्या काढल्या, त्यांच्या भांडवलाची एक मुळी त्या युद्धात आहे. कारंज्याच्या तालावर हे सांगायला अवघडच आहे म्हणा.

जपानचं तोमिओकाचं उदाहरण मला वेगळ्या कारणानं महत्त्वाचं वाटतं. १८७२ साली सरकारनं उभारलेला हा रेशमाचा कारखाना १९८७ साली बंद पडला. तेव्हा तो काताकुरा या खासगी कंपनीच्या मालकीचा होता. कंपनीनं ठरवलं, विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा नाही, पाडायचा नाही. अठरा वर्षं स्वतःच्या खर्चानं सांभाळून २००५ साली तो शहराच्या हवाली केला आणि २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेला. आपल्या गिरणी मालकांच्या तोंडावर हे मारायचा मोह होतो, पण न्यायानं बोलायचं तर तोमिओका हे लहान गाव आहे. तिथल्या जमिनीला लोअर परळचा भाव असता तर काताकुराची तीन वाक्यं टिकली असती का, हे सांगता येत नाही. शिवाय तोमिओकाचं मोठं दालन मला अपुरंही वाटतं. स्वयंचलित यंत्रांच्या रांगा जागच्या जागी आहेत, सुंदर आहेत, पण थांबलेल्या आहेत. गप्प यंत्र फार सभ्य दिसतं.

मुंबईत जमिनीनं काय केलं ते थोडक्यात. १९९१ च्या विकास नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी शहराला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ साली त्यात बदल झाला, आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची करायची असं ठरलं. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये कामगारांच्या आणि पर्यावरणवाद्यांच्या बाजूनं कौल दिला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. शेड पाडून टॉवर उभे राहिले. चिमण्या काही ठिकाणी राहिल्या, त्यांचा पाया लहान असतो.

आता माझ्या आग्रहावरचे आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप कामगारच घेतात: आम्हाला घर द्या, संग्रहालय कसलं करताय? घरांसाठी दीड लाखाहून जास्त कामगारांनी किंवा त्यांच्या वारसांनी अर्ज भरले, सोडतीत मिळालेली घरं त्या मानानं फारच थोडी, आणि आता घर मिळालंच तर ते शेलू-वांगणीकडं, म्हणजे ज्या शहरासाठी राबले त्याच्या पार बाहेर. या माणसाला संग्रहालय ही चैन वाटली तर त्याचं काय चुकलं? मी एवढंच म्हणेन की संग्रहालयाची जागा घरांच्या वाट्यातून काढलेली नाही, आणि ते झालं नाही म्हणून एकही खोली जास्त मिळणार नाही. मात्र घरांऐवजी स्मारक, असा सौदा कुणी मांडायला लागलं तर कामगारांनी तो धुडकावून लावावा, मी त्यांच्या बाजूनं असेन. आणि संग्रहालय झालंच तर त्यात एक खोली या अर्जांची असावी. छाननीचे कागद, हजेरीची कार्डं, पासबुकं, सोडतीच्या याद्या. गिरणीचा इतिहास भोंगा बंद पडला तेव्हा संपलेला नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. यंत्र चालतं ठेवणं महाग असतं हे खरंच आहे, आणि त्याचा पुरावा मी वर गौरवलेल्या गिरणीतच आहे. २०१६ साली लँकेशायरच्या काउंटी कौन्सिलनं खर्च झेपत नाही म्हणून क्वीन स्ट्रीट मिल बंद केली. पुढं ती उघडली, पण मोजक्या दिवसांपुरती. वाफेचं इंजिन, बॉयलर, कोळसा, त्यांची तपासणी, यात पैसा जातो. आपल्याला ते करायची गरज नाही. मुंबईच्या गिरण्यांनी वाफ सोडून वीज धरली त्यालाही शंभरहून अधिक वर्षं झाली. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली वीज आली तीच मुळात गिरण्यांसाठी. म्हणजे मोटारीवर चालणारा साचा हा मुंबईपुरता अस्सलच आहे.

साचे आणायचे कुठून? भिवंडीहून. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले साचे घेऊनच भिवंडीचा यंत्रमाग वाढला, आणि धोट्याचे साधे माग तिथं, मालेगावात, इचलकरंजीत अजून चालतात. पण तेही आता उतरणीला लागले आहेत. नवे बिनधोट्याचे माग येतात तसे जुने किलोच्या भावानं भंगारात जातात. एका संगीत कारंज्याच्या पैशात असे किती माग उचलता येतील याचा हिशेब महापालिकेनं एकदा मांडून पाहावा. शिवाय चालता साचा कापड देतो. मांजरपाट विणा, त्याच्या पिशव्या, पंचे करा, काळाचौकीचा शिक्का मारून विका. त्यातून सगळा खर्च सुटणार नाही, पण बघायला आलेला माणूस हातात काहीतरी घेऊन जाईल, आणि ते चीनहून आलेल्या चुंबकापेक्षा बरं असेल.

तिसरा आक्षेप मला जास्त टोचतो. चालत्या साच्यांभोवती लोक कौतुकानं उभे राहतील, मोबाइल काढतील, आणि ज्या कामानं फुप्फुसं खाल्ली ते काम देखणं होऊन जाईल. ही भीती रास्त आहे. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या दम्यासारख्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती जास्त दाटते, ही त्याची खूण. ती धूळ संग्रहालयात उडवता येत नाही, उडवूही नये. साचा एकटा खरं बोलत नाही. त्याच्या बाजूला उभा असलेला माणूस ते बोलतो. म्हणूनच मी पगारी कामगाराचा आग्रह धरतो. त्या जागी इव्हेंट कंपनीचा धोतर-फेटा घातलेला पोरगा उभा केला तर तमाशा होईल. साचेवाला दोन मिनिटं साचा चालवेल, बंद करेल, आणि सांगेल की एका वेळी किती साचे सांभाळावे लागत, धोटा उडून कुणाला लागला, गैरहजर माणसाच्या जागी काम करणारा बदलीवाला सकाळी गेटवर कसा उभा राहायचा आणि काम मिळालं नाही तर काय करायचा, माणसं कामावर घेणाऱ्या जॉबरला काय द्यावं लागे.

आणि बाईही सांगेल. हे वेगळं म्हणायला लागतं, कारण गिरणी कामगार म्हटलं की डोळ्यांपुढं पुरुषच येतो. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता, वाइंडिंग आणि रीलिंग ही त्यांची खाती, त्यांच्यावर देखरेखीला नाईकीण. रात्रीच्या कामावर बंदी आली, बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, यंत्रं सुधारली, आणि प्रत्येक वेळी मालकांना बाई महाग वाटू लागली. हळूहळू त्या खात्यांतून त्या गेल्या. संप त्यांनी नंतर खानावळी चालवून, उधारीवर जेवू घालून, धुणीभांडी करून सोसला.

१९८२ चा संप संग्रहालय कसा सांगणार, हा तर सरळ राजकीय प्रश्न आहे. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानं एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त संघटना, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि कामगार मात्र सामंतांच्या मागं. हा पेच सोडवायचा नाही असं सरकारनं आणि मालकांनी ठरवलं, असं माझं मत आहे. सामंतांनी माघारीचा रस्ता ठेवला नाही, असं म्हणणारेही गिरणगावातच आहेत आणि त्यांच्या घरातही त्या दोन वर्षांत दागिने मोडले गेले. संग्रहालयानं निकाल द्यायची गरज नाही. पण महापालिकेच्या आणि शासनाच्या अधिकाऱ्यांनीच मजकूर मंजूर करायचा असेल तर या खोलीत एक गुळगुळीत परिच्छेद लागेल, ज्यात संप पावसासारखा आला आणि गेला असं वाटेल. त्यासाठी मजकुरावर कामगार संघटनांची, इतिहासाच्या अभ्यासकांची आणि गिरणगावात राहणाऱ्यांची समिती हवी, आणि तिचा शब्द शेवटचा हवा.

अहमदाबादचं कॅलिको म्युझियम १९४९ पासून आहे आणि कापडाच्या संग्रहात त्याला तोड नाही. पण तिथलं वैभव हातमागाचं, छपाईचं, भरतकामाचं. ज्या गिरणीचं नाव ते मिरवतं तिच्या खात्यांतला माणूस तिथं शोधावा लागतो. काळाचौकीनं कापडाच्या सौंदर्यात त्याच्याशी स्पर्धा करू नये. मांजरपाट सुंदर नसतो.

संप सुरू झाला तेव्हा पंचविशीत असलेला साचेवाला आज सत्तरीच्या घरात आहे. नंतर काही गिरण्या रडतखडत चालल्या, तिथले लोक थोडे तरुण असतील, साठीतले. साचा उघडून परत जोडणारा फिटर, धोट्याचा फटका नुसत्या कानानं ओळखणारा जॉबर, वाइंडिंगला उभं आयुष्य काढलेली बाई, यांना शोधायला महापालिकेला फार लांब जावं लागणार नाही. घरांच्या अर्जांवर त्यांचे पत्ते आहेत, कुणी कुठल्या गिरणीत कुठल्या खात्यात काम केलं हेही त्या कागदांवर आहे. संग्रहालयाची इमारत व्हायला अजून किती वर्षं लागतील ते लागोत. तोवर एखाद्या शेडचं छप्पर शाकारून, भिवंडीहून चार साचे आणून, या लोकांना महिन्याच्या पगारावर बोलावता येईल, आणि त्यांच्या हाताखाली आयटीआयची पोरं शिकायला ठेवता येतील. निविदा कारंज्याची निघते तशी याचीही निघू शकते. ती आधी निघावी.